पॅराग्वे: इतिहास आणि अर्थकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅराग्वेबद्दल येणारे प्रश्न दोन टोकांचे असतात. एका टोकाला स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी असतात, दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी भन्नाट वाचून आलेले लोक. दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

पॅराग्वे नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

दक्षिण अमेरिकेच्या मध्यभागी. पूर्वेला ब्राझील, दक्षिणेला आणि पश्चिमेला अर्जेंटिना, वायव्येला बोलिव्हिया. क्षेत्रफळ ४,०६,७५२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा जवळपास एक लाख चौरस किलोमीटरने मोठा. लोकसंख्या मात्र २०२२ च्या जनगणनेत ६१ लाखांच्या आसपास. पॅराग्वे नदी देशाचे उभे दोन भाग करते. पूर्वेकडे लाल मातीची सुपीक जमीन, शहरं आणि जवळजवळ सगळी वस्ती. पश्चिमेकडे चाको: काटेरी झुडपं, उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन, पाऊस पडला की चिखल. देशाची साठ टक्के जमीन चाकोत आहे, पण तिथे राहतात शंभरातले जेमतेम तीन लोक.

उरुग्वे आणि पॅराग्वे एकच ना?

नाही. उरुग्वेला समुद्रकिनारा आहे, पॅराग्वेला नाही. या देशाच्या इतिहासातलं निम्मं दुखणं एवढ्या एका फरकात आहे.

समुद्र नाही, मग माल बाहेर जातो कसा?

नदीने. राजधानी आसुन्सियोनहून निघालेला तराफा पॅराग्वे नदीतून पाराना नदीत येतो आणि रोसारिओ, ब्युनोस आयर्सवरून दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून अटलांटिकला पोचतो. ब्राझीलमधल्या कासेरेसपासून उरुग्वेतल्या नुएवा पाल्मिरापर्यंतचा हा सुमारे ३,४०० किलोमीटरचा जलमार्ग. १९९२ मध्ये पाच देशांनी त्यावर वाहतुकीचा करार केला. तराफे एकेकटे जात नाहीत. बिनइंजिनाचे सपाट बार्ज एकमेकांना दोरखंडांनी बांधतात आणि मागून एक ढकलबोट सगळा ताफा रेटत नेते. एका बार्जमध्ये साधारण दीड हजार टन सोयाबीन मावतं. एवढा माल रस्त्याने न्यायचा तर पन्नासेक ट्रक लागतील.

अडचण अशी की नदी आटली की देश आटतो. २०२१ मध्ये पाराना नदीने सत्तरहून अधिक वर्षांतली नीचांकी पातळी गाठली. बार्ज अर्धेच भरावे लागले. त्या मे महिन्यात सोयाबीनचे ताफे पुढे सरकावेत म्हणून धरणांतून ठरवून पाणी सोडलं गेलं. त्या लाटेवर जेवढे ताफे निघाले तेवढे निघाले.

दुसरी अडचण माणसांची. खालचा सगळा टप्पा अर्जेंटिनाच्या हातात आहे. २०२३ मध्ये अर्जेंटिनाने बार्जवर टोल लावला तेव्हा पॅराग्वेसह इतर चार देशांनी निषेध नोंदवला. वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात असेल तर करार कितीही पक्का असो, फाटक कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं ठरतं.

आता चाकोतून जाणारा एक आंतरमहासागरी रस्ता आणि कार्मेलो पेराल्ताचा पूल यांच्या आधारे चिलीच्या बंदरांकडे पश्चिमेची वाट उघडायचे प्रयत्न चालू आहेत.

समुद्र नाही तर नौदल कशाला?

नदीसाठी. पॅराग्वेचं नौदल खरंखुरं आहे आणि त्याने लढाया लढल्या आहेत. १९३० च्या सुमारास इटलीत बांधून घेतलेल्या 'पॅराग्वे' आणि 'उमाइता' या तोफनौकांनी बोलिव्हियाविरुद्धच्या चाको युद्धात हजारो सैनिकांची ने-आण केली.

सोनं नाही, चांदी नाही. स्पॅनिश लोक तिथे थांबले कशासाठी?

आले होते चांदीच्याच मागावर. अँडीजमधल्या खाणींकडे नदीवाटे जाता येईल असा त्यांचा होरा होता. १५ ऑगस्ट १५३७ ला हुआन दे सालासार याने आसुन्सियोनचं ठाणं उभारलं. चांदी भलत्याच वाटेने सापडली. पण इथल्या ग्वारानी लोकांची शेती चांगली होती आणि त्यांनी या पाहुण्यांशी सोयरीक जोडली. स्पॅनिश बायका आल्याच नव्हत्या, त्यामुळे एक-दोन पिढ्यांत मिश्र वंशाचा समाज तयार झाला. मधल्या काळात ब्युनोस आयर्सची पहिली वसाहत मोडली, तेव्हा १५८० मध्ये ती पुन्हा वसवायला माणसं गेली ती आसुन्सियोनहून. पुढे मुलगी आईपेक्षा कितीतरी श्रीमंत झाली आणि आईचीच वाट अडवू लागली.

जेझुइट वसाहतींबद्दल फार वेगवेगळं वाचायला मिळतं. तो स्वर्ग होता की तुरुंग?

दोन्ही शब्द अतिशयोक्तीचे. १६०९ पासून जेझुइट पाद्र्यांनी ग्वारानी लोकांची गावं वसवली. शेवटी ती तीस झाली, आजच्या पॅराग्वे, अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये विखुरलेली. आत सामायिक शेती, यर्बा मातेची (चहासारखं पेय करायच्या पानांची) लागवड, छपाई, वाद्यं बनवणं चालायचं. शिस्त कडक होती आणि निर्णय पाद्र्यांचेच असत. पण बाहेर काय वाट पाहत होतं ते बघायला हवं: साओ पावलोकडून येणाऱ्या गुलाम पकडणाऱ्या टोळ्या, आणि स्पॅनिश जमीनदारांची वेठबिगारी. त्या मानाने ही गावं आसऱ्याची होती. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि वसाहती ओस पडल्या. त्रिनिदाद आणि हेसूस इथले अवशेष १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

तिथे अजूनही आदिवासी भाषा सगळे बोलतात, हे खरं?

खरं. आदिवासी म्हणून ओळखले जाणारे लोक लोकसंख्येच्या दोन-तीन टक्केच आहेत, पण ग्वारानी बहुसंख्यांच्या घरात बोलली जाते. भांडणात, विनोदात, फुटबॉलच्या मैदानावर तर हमखास. १९९२ च्या घटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. तरी कोर्टाचे आणि बँकेचे कागद स्पॅनिशमध्येच असतात. खेड्यातल्या माणसाला कचेरीत गेल्यावर जे वाटतं, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

फ्रान्सियाने देश पंचवीस वर्षं कुलूपबंद ठेवला, असं वाचलं. का?

पॅराग्वे मे १८११ मध्ये जवळजवळ रक्त न सांडता स्वतंत्र झाला. खरी भीती स्पेनची नव्हती, ब्युनोस आयर्सची होती. तिथले लोक पॅराग्वेला आपला एक प्रांत समजत आणि नदी त्यांच्या ताब्यात होती. होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया हा धर्मशास्त्राचा डॉक्टर, पेशाने वकील. १८१४ ते १८४० एकहाती राज्य केलं. त्याने सरळ हिशेब केला: ज्या दाराची किल्ली आपल्याकडे नाही, ते दार आपणच लावून घेऊ.

कुलूप मात्र सांगतात तेवढं घट्ट नव्हतं. दक्षिणेच्या इतापुआ ठाण्यावरून ब्राझीलशी व्यापार सरकारी देखरेखीखाली चालू होता. फ्रान्सियाने चर्चच्या आणि स्पॅनिश धनिकांच्या जमिनी सरकारजमा केल्या, त्यांतल्या कित्येक लहान शेतकऱ्यांना अल्प खंडाने दिल्या, काहींवर सरकारी गोठे काढले. युरोपीय पुरुषांना युरोपीय वंशाच्या बाईशी लग्न करायला बंदी घातली, म्हणजे जुना उच्चवर्ग आपोआप विरघळावा. विरोधकांची रवानगी तुरुंगात. आमे बोन्प्लाँ नावाचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सीमेजवळ यर्बा मातेची लागवड करत होता. त्याला १८२१ मध्ये उचलून आणलं आणि सुमारे नऊ वर्षं सोडलं नाही. मातेची मक्तेदारी मोडेल ही धास्ती.

द्रष्टा की जुलमी, यावर पॅराग्वेत अजून वाद होतात. माझं मत: जमिनीच्या बाबतीत तो काळाच्या पुढे होता, पण आपल्यानंतर कारभार चालवू शकेल असं एकही माणूस त्याने तयार होऊ दिलं नाही.

तिहेरी युतीचं युद्ध कशावरून पेटलं?

ठिणगी पॅराग्वेत पडलीच नव्हती, उरुग्वेत पडली. फ्रान्सियानंतर आलेल्या कार्लोस अंतोनिओ लोपेसने दारं किलकिली केली होती. ब्रिटिश तंत्रज्ञ आणले, इबिकुईला लोखंड ओतण्याचा कारखाना काढला, १८६१ मध्ये आगगाडी सुरू केली. १८६२ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस्को सोलानो लोपेस गादीवर आला. प्रजासत्ताकात 'गादी' म्हणणं विचित्र वाटेल, पण झालं तसंच.

१८६४ मध्ये ब्राझीलने उरुग्वेच्या यादवीत सैन्य घातलं. सोलानो लोपेसला वाटलं, आज उरुग्वे गेला तर उद्या नदीचं मुख दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मुठीत जाईल. त्याने आधी ब्राझीलला इशारा दिला. तो कोणी मनावर घेतला नाही, तेव्हा नोव्हेंबरमध्ये 'मार्केस दे ओलिंदा' ही ब्राझिलियन आगबोट पकडली आणि मातो ग्रोसो प्रांतावर चाल केली. मग उरुग्वेकडे जायला अर्जेंटिनाच्या कोरिएन्तेसमधून वाट मागितली. ती नाकारल्यावर अर्जेंटिनावरही हल्ला केला. १ मे १८६५ ला ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी गुप्त करार केला. पॅराग्वेची कुठली जमीन कोणी घ्यायची हे त्यात युद्धाच्या आरंभीच लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी हा करार लंडनमध्ये छापून आला आणि बोभाटा झाला.

जून १८६५ मध्ये रियाचुएलोला पॅराग्वेचं आरमार बुडालं आणि नदी बंद झाली. खरं तर युद्ध तिथेच हरलं होतं. तरी ते आणखी पाच वर्षं चाललं. तुयुतीला दक्षिण अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी लढाई झाली. कुरुपाय्तीला पॅराग्वेने खंदकांच्या बळावर मित्रफौजांची कत्तल केली. उमाइताचा किल्ला १८६८ पर्यंत टिकला. १६ ऑगस्ट १८६९ ला अकोस्ता न्यू इथे पॅराग्वेच्या बाजूने बरीचशी पोरंच उभी होती. तो दिवस आज तिथे बालदिन म्हणून पाळतात. १ मार्च १८७० ला सेरो कोराला सोलानो लोपेस मारला गेला, तेव्हा युद्ध संपलं.

हे युद्ध इंग्लंडने लावलं, असं ठामपणे सांगतात. खरं का?

१९६०-७० च्या दशकांत ही मांडणी फार लोकप्रिय होती: स्वयंपूर्ण पॅराग्वे ब्रिटिश भांडवलाला सलत होता म्हणून शेजाऱ्यांना पुढे केलं. लंडनच्या सावकारांनी ब्राझीलला कर्ज दिलं, एवढं खरं. पण युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटन आणि ब्राझील यांचे राजनैतिक संबंधच तुटलेले होते, आणि सोलानो लोपेसच्या पदरी ब्रिटिश इंजिनिअर नोकरीला होते. आजचे बहुतेक अभ्यासक कारणं नदीपात्रातच शोधतात: सीमा, जलवाहतूक आणि उरुग्वेवरचा ताबा.

युद्धात नव्वद टक्के पुरुष मेले हा आकडा बरोबर आहे का?

हा आकडा कोशांतून कोशांत उतरत आला आहे. १९८८ मध्ये एका अभ्यासात तोटा एकूण लोकसंख्येच्या फार तर १८-१९ टक्के असावा असं मांडलं गेलं. नंतर युद्धानंतर लगेच झालेल्या शिरगणतीचे कागद हाती आले, आणि १९९९ मध्ये त्यावरून ६० ते ७० टक्के हा अंदाज निघाला. त्या शिरगणतीवरही आक्षेप आहेत. पडझडीच्या काळात मोजणी कितपत नीट झाली असेल? पण आकडा कुठलाही धरा, आधुनिक काळातल्या सर्वांत भीषण संहारांमध्ये याची गणना होते. बहुतेक माणसं गोळीने गेली नाहीत. पटकी, उपासमार आणि सैन्यामागून चाललेली बायकापोरांची पायपीट यांनी गेली.

युद्धानंतर पोपने पुरुषांना अनेक बायका करायची परवानगी दिली म्हणे?

फॉरवर्ड आहे, पुढे पाठवू नका. असा काही आदेश नव्हता. प्रत्यक्षात काय झालं ते वेगळंच आहे. अनेक गावांत एका पुरुषामागे तीन-चार बायका उरल्या होत्या. शेती, बाजार, घर सगळं बायकांनी ओढलं, आणि लग्नाविना जन्मलेली मुलं ही सर्रास गोष्ट झाली. बापाचं नाव न लावणारी, आईच्या जिवावर चालणारी कुटुंबं तिथे युद्धाआधीही होती. युद्धानंतर तोच रिवाज झाला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाचा जिल्हा पॅराग्वेत कसा?

तिहेरी युतीच्या युद्धानंतर अर्जेंटिनाने चाकोच्या मोठ्या पट्ट्यावर हक्क सांगितला. लवाद म्हणून अमेरिकेला नेमलं. १२ नोव्हेंबर १८७८ ला राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज यांनी पिल्कोमायो आणि वेर्दे नद्यांमधला प्रदेश पॅराग्वेचा ठरवला. हेज तिथे कधी गेले नाहीत. त्यांच्या मायदेशात त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही, पॅराग्वेत मात्र 'प्रेसिदेन्ते हेज' नावाचा जिल्हा आहे आणि 'विया हेज' नावाचं त्याचं मुख्य गाव.

युद्धानंतर देश सावरला कसा?

जमीन विकून. १८८३ आणि १८८५ च्या कायद्यांनी सरकारी जमिनी लिलावात काढल्या. फ्रान्सियाच्या काळापासून ज्या जमिनी लोक खंडाने कसत होते, त्या हजारो हेक्टरांच्या तुकड्यांनी परदेशी कंपन्यांकडे गेल्या. कार्लोस कासादो या अर्जेंटिनास्थित उद्योजकाने चाकोतला एवढा मुलूख घेतला की त्यात छोटा देश मावेल. तिथल्या केब्राचो झाडांपासून कातडी कमावायचं टॅनिन निघे. मातेची रानंही अशाच कंपन्यांकडे गेली आणि त्यांत मजुरांना कर्जात अडकवून राबवलं जाई. आजच्या जमिनीच्या विषमतेची मुळं इथे आहेत (पुढे सोयाबीनचा प्रश्न बघा).

चाको युद्ध तेलासाठी झालं ना?

तसं दोन्हीकडच्या सैनिकांनाही सांगितलं गेलं होतं. बोलिव्हियाने १८७९ नंतर चिलीच्या हाती समुद्रकिनारा गमावला होता, त्यामुळे त्याला पॅराग्वे नदीवर बंदर हवं होतं. अँडीजच्या पायथ्याशी तेल सापडल्यावर 'चाकोतही असणार' ही अफवा पसरली. मोठ्या तेल कंपन्यांनी युद्ध लावलं हा आरोप तेव्हापासूनचा, पण ठोस पुरावा हाती लागलेला नाही. आणि ज्या तेलासाठी भांडण झालं म्हणतात, ते पॅराग्वेच्या चाकोत आजवर व्यापारी प्रमाणात निघालेलं नाही.

१९३२ ते १९३५ दोन गरीब देश एका निर्जल रानासाठी लढले. बोलिव्हियाचं सैन्य मोठं, सेनापती जर्मन, पण जवान थंड पठारावरचे. पॅराग्वेकडे नदी जवळ होती, आणि कासादो कंपनीने लाकूड वाहायला टाकलेली छोटी आगगाडी रानात आतवर जात होती. निरोप ग्वारानीत जात, शत्रूला कळत नसत. लढाया विहिरींभोवती झाल्या. डिसेंबर १९३४ मध्ये पॅराग्वेच्या सैन्याने इरेन्दागुएच्या विहिरी काबीज केल्या आणि बोलिव्हियाचे शेकडो जवान एक गोळी न झाडता तहानेने मेले. १२ जून १९३५ ला युद्धबंदी झाली. दोन्ही बाजूंचे मिळून एक लाखाच्या आसपास लोक गेले. वादग्रस्त मुलखाचा बहुतेक भाग पॅराग्वेला मिळाला. तहावर सह्या १९३८ मध्ये झाल्या. सीमेचा अंतिम दस्त व्हायला मात्र २००९ साल उजाडलं.

चाकोत जर्मन बोलणारे शेतकरी कुठून आले?

ते मेनोनाइट, युद्ध आणि शस्त्र नाकारणारा ख्रिस्ती पंथ. १९२१ च्या कायद्याने पॅराग्वेने त्यांना सैनिकी सेवेतून सूट आणि स्वतःच्या शाळांची मुभा दिली. पहिले कॅनडाहून १९२६-२७ मध्ये आले, मग सोव्हिएत रशियातून पळालेले १९३० पासून. आले आणि पाठोपाठ अंगणातच चाको युद्ध झालं! सुरुवातीला साथीने आणि भुकेने पुष्कळ मेले. आज चाकोतल्या फिलाडेल्फिया परिसरातल्या त्यांच्या सहकारी संस्था देशातल्या दुधाचा मोठा वाटा पुरवतात. सहकारी दूध संघ आणि त्याभोवती उभं राहिलेलं गाव हे चित्र वारणा-प्रवरेकडच्या वाचकाला परकं वाटणार नाही. दुसरी बाजू अशी की रान साफ करून कुरणं करण्यात या वसाहती आघाडीवर आहेत, आणि मूळ रहिवासी तिथे बरेचदा मजूर म्हणूनच दिसतात.

स्ट्रोएसनरची हुकूमशाही पस्तीस वर्षं टिकली कशी?

जनरल आल्फ्रेदो स्ट्रोएसनर १९५४ मध्ये बंड करून आला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये बंडानेच गेला. मधे आठ वेळा 'निवडून' आला. आणीबाणी दर नव्वद दिवसांनी वाढवली जाई, आणि मतदानाच्या दिवसापुरती उठवली जाई! त्याचं सूत्र तीन पायांवर होतं: सैन्य, सरकारी नोकरी आणि कोलोरादो पक्षाचं सभासदत्व. शिक्षक व्हायचं तरी पक्षाचं कार्ड लागे. सैन्याला चोरट्या व्यापारात वाटा होता. अमेरिकेला कम्युनिस्टविरोधी मित्र हवा होता. जोसेफ मेंगेलेसारख्या नाझी गुन्हेगाराला १९५९ मध्ये इथे नागरिकत्व मिळालं, ते याच राजवटीत.

त्याला हटवणारा जनरल आन्द्रेस रोद्रिगेस हा त्याचाच व्याही. डिसेंबर १९९२ मध्ये मार्तिन अल्मादा या माजी कैद्याने, आसुन्सियोनजवळच्या लाम्बारे इथल्या पोलीस ठाण्यात दडवलेले कागद न्यायाधीशाला घेऊन जाऊन बाहेर काढले. छळ, अटका, शेजारी देशांच्या पोलिसांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं फायलींत नीट लावलेलं. 'दहशतीचं दफ्तर' म्हणून ते ओळखलं जातं.

मग लोकशाहीत तरी सत्ता बदलली का?

एकदाच. कोलोरादो पक्ष १९४७ पासून २००८ पर्यंत सलग सत्तेत होता. २००८ मध्ये माजी बिशप फेर्नान्दो लुगो निवडून आले. जून २०१२ मध्ये संसदेने दोन दिवसांच्या आत महाभियोग उरकून त्यांना घरी पाठवलं. शेजाऱ्यांनी निषेध म्हणून पॅराग्वेला मेर्कोसुर या व्यापारगटातून निलंबित केलं, आणि त्याच काळात, पॅराग्वेची संसद ज्याला अडवत होती त्या व्हेनेझुएलाला आत घेतलं. २०१३ पासून पुन्हा कोलोरादो. राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांची एकच मुदत मिळते. ती अट बदलायचा घाट घातला गेला, तेव्हा मार्च २०१७ मध्ये निदर्शकांनी संसदेच्या इमारतीला आग लावली. २०२३ पासून सान्तिआगो पेन्या राष्ट्राध्यक्ष आहेत.

इतायपू धरणाची वीज अर्धी पॅराग्वेची, तर देश श्रीमंत का नाही?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि माझ्या मते या देशाचं अर्थकारण समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी.

पाराना नदीवरचं इतायपू धरण १४,००० मेगावॉटचं, म्हणजे आपल्या कोयनेच्या सातपट. १९७३ च्या करारानुसार ब्राझील आणि पॅराग्वे निम्मे-निम्मे मालक. वीस जनित्रं, प्रत्येकी ७०० मेगावॉटची. ब्राझीलची वीज ६० हर्ट्झची, पॅराग्वेची ५० ची. म्हणून दहा जनित्रं एका वारंवारतेची, दहा दुसरीची. मग पॅराग्वेच्या वाट्याची उरलेली वीज ब्राझीलला वापरता येते कशी? ती फोस दो इग्वासूला एकदिश प्रवाहात बदलतात, ६०० किलोव्होल्टच्या तारांवरून सुमारे ८०० किलोमीटर दूर साओ पावलोजवळ नेतात आणि तिथे ६० हर्ट्झची करतात. ब्राझीलने एवढा खर्च केला, कारण पॅराग्वे आपला वाटा संपवू शकणार नाही हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

मेख करारात आहे. न वापरलेली वीज पॅराग्वेने भागीदारालाच द्यायची, तिसऱ्याला विकायची नाही, आणि मोबदला बाजारभावाने नव्हे तर ठरावीक सूत्राने. दोन्ही बाजूंना तेव्हा लष्करी राजवटी होत्या. लोकांना कोणी विचारलं नव्हतं. २००९ मध्ये पॅराग्वेचे राष्ट्राध्यक्ष लुगो आणि ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांच्यात ठरलं, तेव्हा हा मोबदला वर्षाला १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटींवर गेला. धरणाचं कर्ज फिटलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्याच वर्षी कराराला पन्नास वर्षं झाली आणि आर्थिक अटींच्या परिशिष्टाची फेरबोलणी सुरू झाली. मे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या दरावर तोड निघाली. मग २०२५ मध्ये ब्राझीलच्या गुप्तचर खात्याने पॅराग्वेच्या अधिकाऱ्यांवर पाळत ठेवल्याची बातमी फुटली आणि पॅराग्वेने बोलणी थांबवली. सौदा किती मोलाचा आहे, हे त्यावरून कळतं.

एवढी वीज असून आसुन्सियोनमध्ये उन्हाळ्यात दिवे जातात, हे कसं?

धरण भक्कम आहे, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर नाही. वीज वाहून नेण्यावर आणि वाटण्यावर पुरेसा पैसा खर्च झाला नाही. गळती आणि चोरीही मोठी आहे. देशाच्या एकूण ऊर्जावापरात लाकूड आणि लोणारी कोळसा यांचा वाटा अजून विजेपेक्षा जास्त आहे! जगातल्या सर्वांत स्वच्छ विजेच्या शेजारी धान्य वाळवायच्या भट्ट्या सरपणावर चालतात. अलीकडे स्वस्त विजेच्या ओढीने बिटकॉइनवाले आले. त्यांनी वीज भरपूर घेतली, रोजगार मोजकाच दिला.

पॅराग्वेच्या सोयाबीनचा लातूरच्या भावाशी संबंध असतो का?

अप्रत्यक्ष, पण असतो. ब्राझील, अर्जेंटिना आणि पॅराग्वे इथलं पीक सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पेरलं जातं आणि जानेवारीपासून मे-जूनपर्यंत निघतं. ते भरघोस आलं की तेलाचे जागतिक भाव नरमतात. भारत खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, त्यामुळे ती नरमाई आपल्या बाजार समित्यांपर्यंत येते. एकटा पॅराग्वे भाव हलवत नाही. ब्राझीलपुढे तो लहान आहे. पण चांगल्या हंगामात तो एक कोटी टनांच्या आसपास पिकवतो, आणि २०२१-२२ च्या दुष्काळात पीक निम्म्याहून खाली आलं तेव्हा त्या देशाची वाढ जवळजवळ शून्यावर आली.

पिकवणारे बरेचसे ब्राझीलहून येऊन स्थायिक झालेले शेतकरी. बियाणं जनुकबदल केलेलं. बीचा मोठा भाग न गाळताच नदीने अर्जेंटिनाला जातो आणि तेल-पेंड तिथे निघते. जमिनीचं म्हणाल तर २००८ च्या कृषिगणनेनुसार ५०० हेक्टरांवरच्या धारकांकडे, म्हणजे शंभरातल्या तिघांहून कमी लोकांकडे, ८५ टक्के शेतजमीन होती. त्याच वर्षी सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला की १९५४ ते २००३ दरम्यान सुमारे ७८ लाख हेक्टर सरकारी जमीन बेकायदा वाटली गेली: भूमिहीनांसाठी राखलेली, सेनाधिकाऱ्यांना आणि पक्षाच्या माणसांना.

चीन एवढं सोयाबीन घेतो, तरी पॅराग्वे तैवानलाच का धरून आहे?

१९५७ पासूनची मैत्री, स्ट्रोएसनरच्या कम्युनिस्टद्वेषातून आलेली. दक्षिण अमेरिकेत तैवानला मान्यता देणारा हा एकमेव देश. तैवान त्याबदल्यात गोमांस घेतं, शिष्यवृत्त्या देतं, इमारती बांधायला पैसे देतं. गोमांस आणि सोयाबीन विकणाऱ्यांची कुरकुर दर निवडणुकीत ऐकू येते. गंमत म्हणजे पॅराग्वेच्या दुकानांतला माल बहुतेक चीनचाच.

तिथे कर फक्त दहा टक्के आहे, हे खरं? कंपनी काढावी का?

दर खरे आहेत: कंपनी नफ्यावर १०, मूल्यवर्धित कर १०, वैयक्तिक आयकर १० टक्क्यांपर्यंत. १९९७ च्या 'माकिला' कायद्याखाली कच्चा माल आणून, जोडून निर्यात करणाऱ्या कारखान्याला मूल्यवर्धनावर एक टक्का कर. मोटारींच्या वायरिंगचे हार्नेस आणि तयार कपडे असे बनतात. गिऱ्हाईक मुख्यतः ब्राझील. पण अर्ध्याहून जास्त कामगार असंघटित क्षेत्रात आहेत, न्यायालयं संथ आहेत आणि कमी करांमुळे सरकारकडे शाळा-दवाखान्यांना पैसा कमी आहे. कंपनी काढायची तर तिथल्या वकिलाला विचारा, यूट्यूबला नको.

सिउदाद देल एस्ते म्हणजे चोरबाजार का?

पूर्ण नाही. ब्राझीलच्या सीमेवरचं हे शहर १९५७ मध्ये वसलं, त्याला हुकूमशहा स्ट्रोएसनरचं नाव लागलं, तो गेल्यावर ते बदललं. पूल ओलांडून ब्राझीलचे लोक स्वस्त मोबाइल, अत्तरं घेऊन जातात; ही पुनर्निर्यात कायदेशीर आहे. त्याच पुलावरून तस्करीही होते, विशेषतः सिगारेटची.

चलन इतकं हलकं, म्हणजे अर्थव्यवस्था डबघाईला?

उलट. एका डॉलरला हजारो ग्वारानी मिळतात आणि एक लाखाची नोट चलनात आहे, पण १९४३ पासून त्या चलनाची शून्यं एकदाही कापलेली नाहीत. ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी त्याच काळात किती वेळा चलनं बदलली ते शोधून बघा. महागाई आणि सरकारी कर्ज आटोक्यात आहे. मूडीज या पतमापन संस्थेने जुलै २०२४ मध्ये देशाला गुंतवणूकयोग्य दर्जा दिला.

भारताशी संबंध कितपत आहेत?

वाढते आहेत. भारत आणि मेर्कोसुर यांच्यातला सवलतीचा व्यापार करार २००९ पासून लागू आहे. आसुन्सियोनमध्ये भारताचा दूतावास २०२२ मध्ये सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष पेन्या जून २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा दिल्लीबरोबर मुंबईलाही गेले. तिकडून मुख्यतः सोयाबीन तेल येतं, इकडून वाहनं, औषधं, शेतीची रसायनं जातात.

स्टीव्हिया पॅराग्वेची आहे, असं साखरेच्या पर्यायांच्या जाहिरातीत वाचलं.

वनस्पती तिथलीच, ईशान्येकडच्या अमाम्बाय डोंगरांतली. ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या मातेत घालत. १८९९ मध्ये मोइसेस बेर्तोनी या स्थलांतरित स्विस शास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आज ती सर्वाधिक पिकते आणि प्रक्रिया होते ती चीनमध्ये.